मदत हवी आहे : लहान बागेसाठी वर्षभर फुलणारी देशी झाडे आणि झुडपे

सुमारे तीन गुंठे मोकळ्या जागेत केवळ देशी फुलझाडे लावण्याचे मी ठरवले आहे. जागेला दिवसभर ऊन मिळते, वरची माती जेमतेम दोन फूट असून खाली कठीण मुरूम आहे. पहिली दोन वर्षे उन्हाळ्यात पाणी देता येईल. त्यानंतर झाडांनी पावसावर तगावे, अशी अपेक्षा आहे.

गुलमोहर मादागास्करचा, जॅकरंडा दक्षिण अमेरिकेतला, आणि आपण पिढ्यानपिढ्या आपला मानत आलेला खुरचाफासुद्धा मूळचा अमेरिका खंडातला, हे कळल्यापासून मी प्रत्येक झाडाचे मूळ स्थान तपासू लागलो. त्यांच्याविषयी मनात आकस नाही. परंतु रुईच्या पानांवर वाढणारे किंवा बहाव्याच्या कोवळ्या पालवीवर पोसले जाणारे फुलपाखरांचे सुरवंट जवळून पाहिल्यावर, फुलांच्या रंगाइतकेच झाडावर कोण जगते हेही मला महत्त्वाचे वाटू लागले.

मोठ्या झाडांत पळस फेब्रुवारी-मार्चसाठी, बहावा एप्रिल-मेसाठी आणि देवकांचन पावसाळा सरल्यानंतरच्या बहरासाठी निवडला आहे. ताम्हण अतिशय आवडते. पण ते मुळात ओढ्यांच्या काठचे, ओलाव्याचे झाड असल्यामुळे या मुरमाड जागेत त्याचे हाल होतील, अशी भीती वाटते. कोणी कमी पाण्यावर ताम्हण वाढवले असल्यास त्याचा बहर कसा येतो, हे कृपया सांगावे. पळसाच्या शेंगेत एकच बी असते आणि झाडाची वाढ संथ असते, म्हणून ते बी थेट जागेवर पेरावे की पिशवीत रोप करून लावावे, याविषयीही अनुभवाचे बोल हवे आहेत.

माझी खरी अडचण झुडपांची आहे. सूर्यपक्ष्यांसाठी धायटी आणि मुरुडशेंग, तसेच कुंपणालगत निर्गुडी, एवढ्यावर माझी यादी थांबते. रोपवाटिकांमध्ये झुडपे मागितली की बहुधा परदेशी शोभेची रोपेच पुढे केली जातात. याआधी एका ठिकाणाहून अशोक म्हणून आणलेले रोप खोटा अशोक निघाले. सीताअशोकाचे पान संयुक्त असते आणि खोट्या अशोकाचे साधे, नागमोडी कडांचे, एवढे साधे लक्षण मला तेव्हा ठाऊक नव्हते. म्हणून सुचवताना स्थानिक नावासोबत शास्त्रीय नावही दिल्यास मोठी मदत होईल.

बहावा आणि देवकांचन भिंतीपासून किती अंतरावर लावावेत, आणि त्यांच्या विरळ सावलीत कोणती देशी झुडपे खरोखर फुलतात?