मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत ड्रायफिट? मला तर सुती बनियनच बरं

पायपीट_ठाणे :
सहा वर्षं उपवन तलावाभोवती पळतोय. कपाटात अकरा ड्रायफिट, म्हणजे पळायचे पॉलिएस्टरचे टी-शर्ट आहेत, त्यातले सात शर्यतींत फुकट मिळालेले. ऑक्टोबरभर एक दिवस ड्रायफिट, एक दिवस सुती बनियन असं करून बघितलं. दोन्ही पिळून काढावी लागतात! वर ड्रायफिट कितीही धुवा, अंगात घालून दहा मिनिटं झाली की कालचा घाम पुन्हा जिवंत होतो. 'घाम शोषतो, अंग कोरडं ठेवतो' असं लेबलवर छापणाऱ्याने एकदा येऊरचा चढ चढून दाखवावा. घाम वाळायला हवा कोरडी लागते. ती इथे नाहीच, मग कापड काय करणार?

घाटवाट :
लेबलच चुकीचं वाचताय. पॉलिएस्टर घाम शोषत नाही, म्हणून तर ते चालतं. 100 ग्रॅम सूत नुसत्या हवेतूनच सात-आठ ग्रॅम ओल धरतं, पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमही नाही. घाम धाग्यांवरून पसरतो, पसरला की लवकर उडतो. मी साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनला पहिल्या वर्षी सुती टी-शर्ट घालून गेलो होतो. यवतेश्वरचा घाट, वरून पाऊस, माथ्यावर वारा. ओली गोधडी पांघरून पळावं तसं झालं, दात वाजत होते आणि छातीवर दोन लाल डाग. घासून रक्त आलं होतं. त्यानंतर सूत फक्त झोपताना.

संत्रानगरी :
भाऊ, सातारा झालं, आता मे महिन्यात नागपूरला या. 45 अंश. कूलरची ताटी ओली ठेवता की कोरडी? अंगावरचं ओलं सूत म्हणजे तीच ताटी. ड्रायफिट दोन मिनिटांत वाळते अन् मग गरम वारा सरळ अंगाला. आम्ही सैल, पूर्ण बाह्यांचा सुती सदराच घालतो.

घाटवाट :
हे मान्य. पण ताटीला पंप असतो, माणसाला पाण्याची बाटली धरावी लागते. आणि तुम्ही सदरा घालून दहा किलोमीटर पळता का? खरं सांगा.

संत्रानगरी :
पळत नाही ना बाप्पा. मे महिन्यात कोण पळते? सायकल चालवतो, तीही सकाळी सहाला.

रविवारची_धाव :
सगळे पुरुष बनियनवर बोलताय म्हणून मध्ये पडते. सुती टी-शर्ट ओला झाला की अंगाला चिकटतो, फिका रंग असेल तर आरपार दिसतो. सुती स्पोर्ट्स ब्राची ओली कड काखेत कापते. आमच्यासाठी हा वादच नाही.
पायपीट, वासाचं म्हणाल तर अंगातलं तेल पॉलिएस्टरला धरून बसतं. अर्धा तास व्हिनेगरच्या पाण्यात भिजवा, उलटा करून धुवा. आणि धुताना कपड्यांचं कंडिशनर घालत असाल तर आधी बंद करा. त्याचा थर बसला की घाम पसरतच नाही.

पायपीट_ठाणे :
कंडिशनर! आमच्याकडे आई प्रत्येक बादलीत झाकणभर ओततेच. तरी दमटपणाचा मुद्दा मी सोडत नाही.

घाटवाट :
आणि ते सात फुकटचे? जाड कापड, छातीवर प्रायोजकांचा वीतभर रबरी ठप्पा. त्यावरून ड्रायफिट जोखणं म्हणजे आहेरातल्या साडीवरून पैठणी जोखणं. जाळीदार विणीचा एक घेऊन बघा, आणि पळण्याआधी-नंतर वजन करा.

पायपीट_ठाणे :
केलं. आठ किलोमीटर, स्वयंपाकघरातला काटा. बनियन 120 ग्रॅमचं 310 झालं. मित्राकडून आणलेला जाळीचा टी-शर्ट 115 चा 205. म्हणजे वजनात हरलो. पण अंग दोन्ही दिवशी तेवढंच चिकट होतं, आणि काटा बघून आईने जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

रविवारची_धाव :
मित्राचा टी-शर्ट परत करताना कंडिशनर घालू नका म्हणजे झालं.