रास्पबेरी पाय ४ चा स्पीड वाढूनच नाही राहिला

भुईमूगवाला: राम राम मंडळी. वावरात मोटारीच्या खोलीत रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा कॉम्प्युटर) बसवला आहे, डुकरं आले की कॅमेऱ्यात ओळखून भोंगा वाजवाले. हिवाळ्यात मस्त चालला, आता मे मधी टिनाखाली एकेक फोटो ओळखाले पाच सेकंद लागून राहिले, तोवर डुकरं भुईमूग उकरून मोकळे. गव्हर्नर, म्हणजे प्रोसेसरचा स्पीड ठरवाची सेटिंग, ऑनडिमांडचा (लागन तेवढाच स्पीड) परफॉर्मन्स (कायम फुल स्पीड) केला, सिस्टीम १५०० मेगाहर्ट्झ दाखवते पण काम तसंच. ओव्हरक्लॉक करून, म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त, २००० वर नेऊ का?

बिनपंख्याचा: ओव्हरक्लॉकच्या नादी लागू नको भाऊ. ते १५०० म्हणजे कर्नलनं (लिनक्सच्या गाभ्यानं) मागितलेला स्पीड, खरा किती द्यायचा ते फर्मवेअर (बोर्डाचं आतलं सॉफ्टवेअर) ठरवते. व्हीसीजेनकमांड ही कमांड चालवून आर्म क्लॉक (प्रोसेसरचा खरा स्पीड), टेंपरेचर अन् थ्रॉटल्ड (स्पीड दाबला का ते सांगणारा कोड) हे तिन्ही इथं टाक, दुपारचं बी अन् रात्रीचं बी.

भुईमूगवाला: दुपारी ७६ डिग्री, क्लॉक ६००, थ्रॉटल्ड ५०००५. रात्री ११ ले ६१ डिग्री, बाकी सेम टू सेम.

बिनपंख्याचा: मंग उन्हाले काहून शिव्या देता, ८० डिग्रीपर्यंत तो गरमीपायी स्पीड कापत नाही. शेवटचा ५ म्हणजे १ अधिक ४, आत्ता व्होल्टेज कमी अन् आत्ताच स्पीड दाबलेला. पह्यला ५ म्हणजे चालू केल्यापासून हे होऊन गेलं. ४.६३ व्होल्टच्या खाली गेलं की असंच होते, गव्हर्नर कोणताही ठेव. सप्लाय कुठून घेतला?

भुईमूगवाला: सोलरची १२ व्होल्ट बॅटरी, १२ चे ५ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर तिच्यापाशीच, तिथून १५ फूट टेलिफोनची जुनी वायर. हसू नका. अन् हो, मार्चमधी नाइट व्हिजनवाला कॅमेरा लावला, तो बी पायवरच.

वायरमन_वर्धा: हसलो तं हसलोच 😄 ५ व्होल्ट इतक्या बारीक वायरीतून नेले तं वाटेतच जिरतात, त्यात नव्या कॅमेऱ्यानं लोड वाढवला. १२ व्होल्ट लांब न्या, कन्व्हर्टर पायपाशी ठेवा, मंग अर्धा-एक व्होल्ट गेला तरी त्याले काही फरक पडत नाही. वायर बी जाड घ्या अन् कन्व्हर्टर ५.१ वर सेट करा. गव्हर्नर परत ऑनडिमांड करा, डुकरं नसतात तेव्हा बॅटरी कशाले जाळता. मॅक्स फ्रेक्वेन्सी (स्पीडची वरची मर्यादा) लिहाल तं किलोहर्ट्झमधी, १२०० साठी १२ लाख. मी एकदा नुसतं १००० लिहून तासभर डोकं खाजवलं होतं. रीबूट झालं की हे पुसल्या जाते, कायमचं पाह्यजे तं कॉन्फिग फाइलमधी आर्म फ्रेक १२०० टाका, तिथं मात्र मेगाहर्ट्झ.

भुईमूगवाला: कन्व्हर्टर हलवला, थ्रॉटल्ड शून्य, क्लॉक १५००! दुपारी ७९ ले टेकते म्हणून १२०० वर बांधला. भोंगा लगेच वाजते आता. काल आमच्याच काळ्या कुत्र्यावर वाजला, ते वेगळं पाहा लागन.