विपश्यना: तुमच्या अंगाला काय कळलं? (अनुभव धागा)

गेल्या महिन्यात इगतपुरीला धम्मगिरीवर माझं पहिलं दहा दिवसांचं शिबिर झालं. 'सगळं अनित्य आहे' हे लहानपणापासून ऐकत आलोय. खरं वाटलं ते पाचव्या दिवशी, अधिष्ठानाच्या बैठकीत. तासभर डोळे उघडायचे नाहीत, हातपाय हलवायचे नाहीत, असं दिवसातून तीनदा. उजव्या गुडघ्यात निखारा ठेवल्यासारखं झालं होतं. ही विपश्यना शिकवणारे गोयंका गुरुजी २०१३ साली गेले, पण सूचना अजून त्यांच्याच आवाजात असतात. त्या ऐकत लक्ष गुडघ्यावर नेलं, तर ती आग सलग नव्हतीच. बारीक ठोके, मध्ये काहीच नाही, पुन्हा ठोके. मग ती घोट्याकडे सरकली आणि विरली.

तुम्ही बसला असाल तर लिहा. तत्त्वज्ञान नको, अंगावर घडलेलं हवं.

*

मला पहिले साडेतीन दिवसच जड गेले. नुसतं आनापान. नाकाखाली, वरच्या ओठावर श्वास लागतोय का बघायचं. दोन दिवस काही कळेना. तिसऱ्या दुपारी आत जाणारा श्वास गार आणि बाहेर येणारा कोमट लागला. एवढंच, पण मला फार आनंद झाला.

*

आमच्या घरात वंदना १९५६ पासून. आजी १४ ऑक्टोबरला नागपुरात होती, बाबासाहेबांच्या मागोमाग तिने बावीस प्रतिज्ञा म्हटल्या. त्रिशरण, पंचशील मला पाळण्यापासून पाठ, पण ध्यानाला घरातलं कुणी बसलं नव्हतं. वडिलांना ते पटतही नाही. "बाबासाहेबांनी उठायला सांगितलंय, डोळे मिटून बसायला नाही," म्हणतात. त्यांचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही.

तरी गेलो. सहाव्या दिवशी कॉलेजातला एक अपमान आठवला, जातीवरून झालेला. आधी जबडा आवळला, मग पोटात गोळा आला, मग कानशिलं तापली. वीस वर्षं हा राग माझ्यात आहे, पण तो कुठून कसा चढतो हे तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. राग गेला नाही. तो जावा असं मला वाटतही नाही. पण आता सभेत बोलायला उभा राहिलो की आवाज फाटत नाही, मुद्दा शेवटपर्यंत मांडता येतो. हे वडिलांनीही पाहिलंय.

*

मी सहाव्या दिवशी परत आले. आई जाऊन दोनच महिने झाले होते. लक्ष छातीशी आलं की हुंदका फुटायचा, रात्री झोप नाही. ताज्या दुःखात जाऊ नका, असं मी कळकळीने सांगेन. अर्जात आजार, औषधं विचारतात, तेही खरं भरा. मी पुन्हा जाणार आहे, पण घाईने नाही.

*

वरच्या ताई, सावकाश जा. मी दोन वर्षांनी दुसऱ्यांदा बसले.

दहाव्या दिवशी मैत्रीच्या, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतायच्या बैठकीनंतर शिबिरात पाळलेलं मौन सुटलं. शेजारच्या आसनावरच्या मावशींनी नाव विचारलं. सांगताना आवाज आधी छातीत थरथरला आणि मग कानाला ऐकू आला.