पुतणीला मॉडेल व्हायचंय, पोर्टफोलिओसाठी आगाऊ पैसे भरावेत का?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. आम्ही बेळगावात वडगावचे, घरी अजून माग चालतो. पुतणी ५ फूट ९ इंच, रॅम्पवर जायचंच म्हणते. १९९२ ची मिस इंडिया, आपली मधु सप्रे, हे तिचं दैवत. पुण्याच्या एका मॉडेलिंग एजन्सीने पोर्टफोलिओसाठी, म्हणजे काम मिळवायला दाखवायच्या फोटोंच्या संचासाठी, आधीच ४० हजार मागितलेत. चांगल्या एजन्सी मिळालेल्या कामातून कमिशन घेतात ना? मेकअप न करता काढलेले साधे फोटो पाठवले तर चालतात का? आणि मासिकांच्या मुखपृष्ठावर सिनेमाच्या नट्या, शोच्या शेवटी शोस्टॉपर म्हणूनही त्याच; मग नुसत्या मॉडेलला काम कितीसं उरतं? पोरीची फार काळजी वाटते. या क्षेत्रातलं बेळगाव-निपाणीकडचं कुणी असेल तर कृपया सांगा, भाऊ शुक्रवारी पैसे भरणार आहे.