जाळीचं भोक ४ इंची नको
शेळ्यांच्या गव्हाणीला ४ इंची चौकोनाची जाळी लावावी, असं काही जण सुचवतात. शिंगवाली शेळी असेल तर कृपा करून तसं करू नका. तोंड आत जातं, पण बाहेर काढताना शिंगं मागे अडकतात. शेळी घाबरून हिसके देते आणि कुणी जवळ नसेल तर जीवही जातो. आमची एक पाटी (तरुण शेळी) अशीच अडकली होती, जाळीची तार कापून सोडवावी लागली. तेव्हापासून मी २ इंची जाळीच वापरतो. शेळी ओठांनी काडी काडी ओढून खाते, त्यामुळे नासाडीही कमी होते.

खाली पसरट ट्रे मात्र हवाच. वाळल्या चाऱ्याचा बारीक पाला गळतो आणि खरं सत्त्व त्यातच असतं. जमिनीवर पडून लेंड्या-मुताने खराब झालेल्या चाऱ्याला शेळी तोंड लावत नाही, लावलंच तर जंताची भीती.

गव्हाण डोक्याच्या वर टांगू नका, कुसळं डोळ्यांत जातात. वरून झाकण घाला, नाहीतर करडं आत उड्या मारतात.