भावाला दुबईला पाठवायचंय, एजंट 85 हजार मागतोय, हे असंच असतं का?

चिपळूणकर 85:
नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ वेल्डर आहे, वय 24, दहावी नापास, लोट्याच्या एमआयडीसीत कॉन्ट्रॅक्टरकडे काम करतो. गावातल्याच एकाच्या ओळखीने एजंट मिळालाय. दुबईत 1500 दिरहम पगार, राहणं कंपनीचं, जेवण आपलं. 85 हजार मागतोय, 40 आत्ता आणि बाकी तिकीट हातात पडल्यावर. म्हणतो आत्ता व्हिजिट व्हिसावर पाठवतो, तिकडे महिन्याभरात वर्क व्हिसा होतो, सगळे असेच जातात. आई पाटल्या मोडायला निघालीय म्हणून घाईने विचारतोय. आणि एक कळेना, माणूस कंपनीला हवाय तर पैसे आपण का भरायचे?

भायखळा लोकल:
दहावी नापास म्हणजे पासपोर्ट ईसीआर (परदेशी नोकरीला जाण्याआधी सरकारी तपासणी लागणारा) असणार, आधी ते बघा. ईसीआरवाल्याला यूएई, सौदी, कतार धरून 18 देशांत नोकरीला जायचं तर 1983 च्या कायद्याने प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या सरकारी अधिकाऱ्याचा क्लिअरन्स, म्हणजे परवानगी लागते, आता ते सगळं सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवरून होतं. एजंटकडे लायसन लागतं आणि त्याला जास्तीत जास्त 30,000 अधिक जीएसटी घेता येतात म्हणजे 35,400, तेही पावती देऊन. 85 कुठून आले विचारा की. व्हिजिट व्हिसावर तो एवढ्यासाठीच पाठवतोय, टूरिस्ट म्हणून गेला की यातलं काहीच करावं लागत नाही. पण मग तुमच्या भावाचं कॉन्ट्रॅक्ट सरकारकडे कुठेच नाही आणि 275 रुपयांत 2 वर्षांचा 10 लाखाचा जो प्रवासी भारतीय विमा निघतो तोही नाही. आणि तो गावातला ओळखीचा म्हणजे सब-एजंट, त्याला कायद्यात जागाच नाही.

शारजा पीआरओ:
मी इकडे एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत व्हिसाचीच कामं करतो म्हणून कंपनीच्या बाजूने सांगतो. कंपनी आधी इथल्या लेबर मिनिस्ट्रीकडून कोटा (किती माणसं आणायची त्याची मंजुरी) घेते, मग माणसाच्या नावाने ऑफर लेटर निघतं (हिंदीतही असतं, भावाला स्वतः वाचायला सांगा), त्यावर सही झाली की कामाचं परमिट, मग एंट्री व्हिसा, इथे आल्यावर मेडिकल, एमिरेट्स आयडी (इथलं ओळखपत्र). परमिट साधारण 2 वर्षांचं. हा सगळा खर्च कंपनीचा, यूएईच्या 2021 च्या कामगार कायद्यात स्पष्ट लिहिलंय की भरतीचा पैसा कामगाराकडून सरळ किंवा आडून घ्यायचा नाही. मग 85 हजार कशाचे? बऱ्याचदा कंपनीतलाच कोणीतरी आणि तिकडचा एजंट मिळून ती जागाच विकतात, मालकाला कधी पत्ता असतो कधी नसतो. पगार बँकेतून किंवा एक्स्चेंजमधून डब्ल्यूपीएसने (पगार वेळेवर दिला का ते सरकारला दिसतं अशी पद्धत) द्यावा लागतो, उशीर केला तर आम्हाला नवीन परमिटच मिळत नाहीत, त्यामुळे चांगली कंपनी त्याबाबतीत घाबरून असते. पण ही सगळी गाडी परमिट निघाल्यावर सुरू होते. व्हिजिटवर काम करणारा माणूस कागदावर नसतोच, त्याचा पगार अडकला तर तक्रार करणार कुठल्या तोंडाने.

खेडवाला अण्णा:
11 वर्षं होतो दुबईत, आता गावी आंब्याचं बघतो. पीआरओ भाऊ बरोबर बोलले पण एक राहिलं. 1500 म्हणजे त्यात बेसिक, म्हणजे मूळ पगार किती ते विचार रे बाबा. माझ्या पहिल्या कंपनीत 1200 सांगितले आणि कागदावर बेसिक 600, बाकी अलाउन्स. आपल्याला काय, हातात 1200 येतायत ना. पण ओव्हरटाइम धरतात बेसिकवर आणि सोडताना ग्रॅच्युइटी पण बेसिकवर, पहिली 5 वर्षं वर्षाला 21 दिवसांची. 600 वर वर्षाचे 420 दिरहम होतात, तेच बेसिक 1000 असतं तर 700. मला हे चार वर्षांनी एका केरळच्या टाइमकीपरने समजावलं. आणि पासपोर्ट कंपनीने ठेवून घ्यायचा नाही असा नियम आहे, आमचा मात्र कॅम्प बॉसच्या कपाटात असायचा, मागायला गेलं की हा माणूस चहा पाजायचा आणि उद्या ये म्हणायचा. वेल्डरला काम आहे तिकडे, भावाला जाऊ दे, पण सरळ रस्त्याने.

चिपळूणकर 85:
सगळ्यांचे आभार. आजच फोन करून लायसन नंबर आणि ऑफर लेटर मागितलं तर म्हणाला लेटर तिकडे गेल्यावर मिळतं आणि तुमच्या भावाला जायचंय की तुम्हाला. पैसे दिलेले नाहीत. भाऊ फुगून बसलाय, त्याच्या बरोबरचे दोघं 15 तारखेला निघतायत. अण्णा, तुमच्याशी जरा बोलायला लावू का त्याला? माझं तो ऐकत नाही.

खेडवाला अण्णा:
लाव की. संध्याकाळी सातनंतर, तोपर्यंत बागेत रेंज नसते.