शब्दचर्चा : क्लिफ्टन हॅम्पडनचा ‘कडा’ की ‘दरड’?

प्रश्न : ऑक्सफर्डशायरमधील क्लिफ्टन हॅम्पडन या थेम्सकाठच्या लहानशा गावाचा इतिहास मराठीत लिहीत आहे. ‘क्लिफ्टन’ हे नाव जुन्या इंग्रजीतील ‘क्लिफ’ आणि ‘टून’ या शब्दांपासून झाले असून ‘टून’ म्हणजे वाडी किंवा वस्ती. मी ‘कड्यावरची वाडी’ असे लिहिले. पण ते वाचताना डोळ्यांसमोर थेट कोकणकडा उभा राहतो. दुसरा शब्द सुचवावा.

उत्तर : ‘कडा’ नकोच. तेथील चर्च नदीलगतच्या एका उभ्या, पण बेताच्याच उंचीच्या काठावर आहे. काही पायऱ्या चढल्या की माणूस वर पोहोचतो. अशा काठाला मराठीत ‘दरड’ असा नेमका शब्द आहे. पावसाळ्यातील बातम्यांनी तो ‘कोसळणे’ या क्रियापदाशी इतका घट्ट बांधला, की दरड म्हणजे घाटरस्त्यावर आलेला मातीदगडांचा ढीग, असाच समज झाला आहे. वास्तविक जी कोसळते ती आधी उभी असते, आणि उभी असते तेव्हाही ती दरडच. तेव्हा ‘दरडीवरची वाडी’ लिहावे.

पुरवणी : ‘दरड’ मान्य. मात्र प्रश्नकर्त्याच्या लेखनातील ‘पुलाआधी येथे फेरी चालत असे’ हे वाक्य बदलावे, कारण मराठी वाचकाला त्यात प्रभातफेरी ऐकू येईल. नदीपार नेणाऱ्या नावेला ‘तर’ हा जुना शब्द आहे. ‘1867 साली पूल होईपर्यंत लोक तरीने पलीकडे जात’ असे म्हणता येईल. (‘तरी’ या अव्ययाशी होणारा गोंधळ सोसावा लागेल.) 1946पर्यंत पुलावर घेतला जाणारा ‘टोल’ आणि 1822 सालचे ‘लॉक’ तसेच ठेवावे; फक्त लॉक म्हणजे कुलूप नव्हे, तर दोन्ही टोकांना दारे असलेला, पाणी भरून नाव वर उचलणारा हौद, हे एकदा सांगावे. लाल विटांच्या, टोकदार कमानींच्या या पुलाचा आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा, म्हणजे ज्यांनी भारतात पाऊल न ठेवता मुंबईच्या राजाबाई टॉवरचा आराखडा केला त्यांचाच. मराठी वाचकासाठी हे अवश्य नोंदवावे. अरुंद पुलाच्या कठड्यात पादचाऱ्यांसाठी ठेवलेल्या त्रिकोणी जागांना ‘कोनाडा’ म्हटले तर दिवा आठवतो, ‘सज्जा’ म्हटले तर वाडा. मी ‘कठड्याची बगल’ असे लिहीन, कारण गाडी आली की माणूस तेथेच अंग चोरून उभा राहतो.